सहावी त्रुटी

मावशी : आधी तो पाय हलवायचा थांबव. टेबल एकच आहे आपलं. माझा स्क्रीन थरथरायला लागला की मला वाटतं भूकंप झाला.

कारकून : विचार करतोय, मावशी.

मावशी : पायाने?

कारकून : करा चेष्टा. पण सांगतो तुम्हाला, माणूस प्रेमात पडला की त्याचं काम सुधारतं. माझंच बघा. सकाळपासून एकोणीस कागद हातावेगळे केले. त्यात दोन पेन्शनची प्रकरणं, एक बढतीचं. एकातही कुणाला चूक सापडायची नाही.

मावशी : आणि चार चहा झाले. आणि सात वेळा खिडकीत जाऊन आलास. मी मोजत नाही हं, प्रत्येक वेळी माझ्या खुर्चीला धडकतोस म्हणून कळतं.

कारकून : खिडकीतून जिना दिसतो.

मावशी : काय दिसतं ते ठाऊक आहे मला. पंचवीस वर्षं बसलेय या खिडकीशी. जिना दिसतो, आणि जिन्यावरून उतरणारं माणूस दिसतं.

कारकून : एक वाजून दहा मिनिटांनी जेवायला उतरते ती. रोज. केसांत पेन्सिल खोचलेली असते आणि स्वतःच विसरलेली असते. परवा तर दोन होत्या! आता मला सांगा, चौथ्या मजल्यावर बारा आरेखक नकाशे काढतात. शहराखालचे नाले, पाण्याच्या नळ्या, सगळं कागदावर उतरवतात. बाकीच्या अकराजणांच्या केसांत कधी पेन्सिल पाहिलीत?

मावशी : त्यातल्या सातांना केसच नाहीत.

कारकून : तेच म्हणतो मी.

मावशी : काय तेच म्हणतोस? डोकं ठिकाणावर आहे का? बरं, बोललायस का तिच्याशी एकदा तरी?

कारकून : पाच वेळा. सविस्तर.

मावशी : काय बोललास?

कारकून : पहिल्यांदा सेवापुस्तकाबद्दल. मग जन्मतारखेच्या दाखल्याबद्दल. मग...

मावशी : अरे देवा.

कारकून : हसू नका. त्यातही आपलेपणा असतो. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "याच्या दोन प्रती हव्यात की तीन?" आता 'तीन' म्हणायला किती वेळ लागतो? मी दोन मिनिटं लावली. तेवढा वेळ ती इथे उभी होती, या टेबलाला हात टेकून. ही इथे.

मावशी : आणि मनातलं कधी सांगणार? निवृत्तीच्या दिवशी?

कारकून : मला घाई नाही. मावशी, सरळ सांगा, माझ्यात काय कमी आहे? वय चौतीस. नोकरी कायम. व्यसन एकच, चहाचं. दादा-वहिनींकडे राहतो, पण खोली वेगळी आहे. स्वयंपाक येतो. अक्षर चांगलं आहे. माझ्यात एक त्रुटी काढून दाखवा.

मावशी : एकच? बसायला वेळ आहे का तुला?

कारकून : काल जेवताना वहिनी म्हणाली, भावोजी, ताटाकडे नुसतं बघताय काय, जेवा. तर पुतणी म्हणते, काकाचं लग्न ठरतंय, म्हणून त्याला भूक नाही. आठ वर्षांचं कार्टं! दादा मान वर न करता म्हणाला, "मुलगी कोण?" मी म्हटलं, सांगेन. या वर्षात सांगेन. आणि हे मी उगाच नाही म्हणालो. मला खात्री आहे.

मावशी : या वर्षात. बरं. मग मला एक सांग. तिचा बदलीचा अर्ज कुठे आहे?

कारकून : कुणाचा?

मावशी : दोन पेन्सिलींचा.

कारकून : प्रक्रियेत आहे.

मावशी : प्रक्रियेत म्हणजे कुठे? साहेबांकडे नाही, मी विचारलं. आवकच्या टेबलावर नाही, मी बघून आले. तुझ्या डाव्या हाताच्या खालच्या खणात आहे. जो तू गुडघा लावून बंद ठेवतोस तो.

कारकून : तुम्ही माझा खण उघडलात?

मावशी : पंचिंग मशीन शोधत होते. पिवळ्या दोरीने बांधलेली फाइल. वर अकरा दिवसांपूर्वीची तारीख, आत त्रुटी क्रमांक एक ते सहा, तुझ्या त्या चांगल्या अक्षरात.

कारकून : बदल्या, बढत्या, रजा, सगळे अर्ज माझ्याकडे येतात. त्यातल्या त्रुटी काढणं माझं कामच आहे.

मावशी : सहावी वाचून दाखव बरं.

कारकून : "अर्जदाराने सध्याच्या राहत्या पत्त्याचा पुरावा जोडलेला नाही. जोडावा."

मावशी : बदली मागणाऱ्या माणसाचा सध्याचा पत्ता कशाला हवा तुला? तो सोडूनच तर जायचंय तिला!

कारकून : नोंदीसाठी.

मावशी : नोंदीसाठी! कुंपणच शेत खायला लागलं. अरे, लिफ्ट महिनाभर बंद आहे. तू एक ओळ लिहितोस, ती चार मजले उतरते, कागद देते, चार मजले चढते. दोन दिवसांनी तू पुन्हा एक ओळ लिहितोस. लोक फुलं देतात, तू त्रुटी काढतोस.

कारकून : फुलं कुणीही देतं.

मावशी : गप्प बस. तोंड वर करून बोलतोय.

कारकून : मावशी, मी अर्ज नाकारला का? नाही. हरवला का? नाही. फक्त सावकाश चाललाय. तिकडचं कार्यालय तीनशे किलोमीटरवर आहे. ती एकदा गेली की संपलंच ना सगळं. मला अजून महिनाभर मिळाला असता तर बोललो असतो मी, शपथ. आणि तिकडची रिकामी जागा काही पळून जात नाही, वर्षअखेरपर्यंत राहते.

मावशी : पळाली.

कारकून : म्हणजे?

मावशी : सकाळी तू तिसऱ्या चहाला गेलास तेव्हा तिकडून फोन आला. मी घेतला. आदेश शुक्रवारपर्यंत पोचला नाही, तर ती जागा त्यांच्याकडच्या एका पोराला देतायत. मी विचारलं, पुन्हा कधी रिकामी होईल? म्हणाले, हा निवृत्त होईल तेव्हा. आणि हा अठ्ठावीस वर्षांचा आहे.

कारकून : आज बुधवार.

मावशी : आज बुधवार. साहेब बदल्यांवर सह्या फक्त बुधवारी करतात, चार वाजता. आणि पुढचा बुधवार काही शुक्रवारच्या आधी येत नाही. आता वाजलेत दोन पंचावन्न.

कारकून : हे मला सकाळीच का नाही सांगितलंत?

मावशी : वाट बघत होते, तू आपणहून तो खण उघडतोस का. एकोणीस कागद काढलेस. विसावा काढला नाहीस. तिचा अर्ज वाचलायस तरी का?

कारकून : रोज वाचतो. पाठ आहे. तिचा 'ळ' बघा तुम्ही, असा काही वळतो की...

मावशी : अक्षराचं नको सांगू. मजकूर सांग.

कारकून : "माझे वडील गावी एकटे राहतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी झपाट्याने कमी होत असून, डॉक्टरांच्या मते पुढील काही महिन्यांत..."

मावशी : पुढे?

कारकून : पाठ आहे मला, मावशी.

मावशी : मग म्हण ना.

कारकून : "...पुढील काही महिन्यांत ती पूर्णपणे जाण्याची शक्यता आहे. तत्पूर्वी त्यांना राहत्या घराची नव्याने सवय करून देणे आवश्यक आहे."

मावशी : अकरा दिवस रोज वाचत होतास ना? आज पहिल्यांदा वाचलंस.

कारकून : मी नालायक माणूस आहे.

मावशी : नालायक असतास तर मी सकाळीच साहेबांकडे गेले असते. तू प्रेमात पडलायस आणि वर स्वतःला फार हुशार समजतोस. दोन्ही एकदम झालं की माणूस असा वागतो. चल, ऊठ. नाही, थांब, बस. येतेय ती.

कारकून : आत्ता?

मावशी : तुझाच सहावा कागद घेऊन येतेय. मी कानात बोळे घालून टाइप करत बसते. उठून मात्र जाणार नाही, सांगून ठेवते.

आरेखिका : हा घ्या पत्त्याचा पुरावा. विजेचं बिल आहे. चालेल?

कारकून : चालेल. म्हणजे, नकोय.

आरेखिका : नकोय?

कारकून : लागतच नव्हता.

आरेखिका : माहीत आहे मला.

कारकून : माहीत आहे?

आरेखिका : बदलीच्या नियमांची पुस्तिका अठ्ठेचाळीस पानांची आहे. रविवारी बसून वाचली. तुमच्या सहा त्रुटींपैकी दोन त्यात आहेत. चार नाहीत.

कारकून : मग तरी कागद घेऊन येत राहिलात?

आरेखिका : पहिल्या दोन वेळा आले, कारण ते कागद लागणार होते. तिसऱ्यांदा वाटलं, हा माणूस फार काटेकोर आहे. काटेकोर माणसं मला आवडतात. आमच्याकडे रेघ एक मिलिमीटर सरकली तर कुणीतरी भलत्याच ठिकाणी रस्ता खणतं. मग चौथ्यांदा तुम्ही माझ्या आजोबांचं जन्मगाव विचारलंत.

मावशी : आजोबांचं?

कारकून : तुम्ही बोळे घातलेत ना कानात?

मावशी : पडले.

आरेखिका : तेव्हा मला कळलं. कळूनही आले. चौथ्यांदा आले ती मला यायचं होतं म्हणून आले. हे सांगणार नव्हते मी, पण हिशोबाने सगळंच सांगायला हवं. पाचव्यांदा मात्र मी चिडून आले होते. तुमच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही मला खुर्ची दिलीत आणि पंखा माझ्याकडे वळवलात.

कारकून : चेहरा लाल झाला होता तुमचा. मला वाटलं, जिन्यामुळे.

आरेखिका : जिन्यामुळे नव्हता.

कारकून : आणि आज?

आरेखिका : आज भांडायला आलेय. काल बाबा फोनवर म्हणाले, "स्वयंपाकघराच्या दारापासून गॅसपर्यंत सहा पावलं आहेत, मी पाठ केलीत." मी म्हटलं, बाबा, सात आहेत, तुम्ही मध्ये स्टूल धरलं नाहीत. मी त्यांच्यासाठी घराचा नकाशा केलाय. रेघांवर जाड दोरा चिकटवलाय, बोटांनी वाचता यावा म्हणून. थोडं दिसतंय तोवर त्यांच्याबरोबर एकेक खोली फिरायची, दोरा आणि भिंत जुळवून द्यायची. दिसायचं थांबल्यावर शिकवायला गेले तर ते घाबरत घाबरत शिकतील. या अकरा दिवसांत आमची एक खोली तरी झाली असती. एक खोली घेतलीत तुम्ही आमची.

कारकून : हो. घेतली.

आरेखिका : काहीतरी सबब सांगा ना. मी उत्तरं तयार करून आलेय.

कारकून : सबब नाही. मला तुम्ही आवडता. सात महिने झाले. तुम्ही गेलात की दिसणार नाही, म्हणून अर्ज दाबून ठेवला. एक त्रुटी काढली की तुम्ही पाच मिनिटं समोर यायचात, त्यासाठी काढत होतो. तुमच्या वडिलांचं वाचलं होतं मी. वाचूनसुद्धा काढली. याला माफी मागून भागत नाही, तरी मागतो.

मावशी : तीन दहा झालेत, बाळांनो.

कारकून : तुम्ही बसा इथे. वर जाऊ नका. तिकडची जागा शुक्रवारनंतर दुसऱ्याला देतायत. आज चारला सही व्हायला हवी.

आरेखिका : शुक्रवारनंतर? मला कुणीच कसं सांगितलं नाही?

मावशी : सकाळी फोन आला, मी घेतला. तुझ्यापर्यंत पोचवायला हवं होतं. तिथे माझंही चुकलं.

आरेखिका : होईल का पण सही?

कारकून : होईल. या इमारतीत कागद अडवायचा कसा हे माझ्याइतकं कुणाला येत नाही, हे तुम्ही बघितलंत. आता पळवायचा कसा ते बघा. मावशी, घ्या टिपणी. "अर्ज सर्व बाबतीत नियमानुसार आहे. मंजुरीसाठी सादर."

मावशी : घेतली. खाली विलंबाचं कारण लिहावं लागेल. दहा दिवसांवर गेलं की तो रकाना रिकामा सोडता येत नाही. 'कागदपत्रांची पूर्तता' टाकते. सगळे तेच टाकतात.

आरेखिका : तेच टाका. मला सही हवीय. तुमची नाचक्की करून काय करू?

कारकून : 'पूर्तता' लिहिलं की अर्थ होतो, कागद तुम्ही उशिरा दिलेत. ते तुमच्याबरोबर तिकडे जाणार, तुमच्या सेवापुस्तकातून. नको. लिहा, मावशी. "विलंब आस्थापना लिपिकाकडून झाला. काढलेल्या सहा त्रुटींपैकी चार अनावश्यक होत्या. अर्जदाराचा दोष नाही."

मावशी : मेल्या, पुढच्या महिन्यात बढतीची यादी लागतेय. तिसरं नाव तुझं आहे.

कारकून : ठाऊक आहे. यादी मीच केलीय.

मावशी : म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

कारकून : छापा. दोन प्रती.

(कारकून फाइल घेऊन साहेबांच्या खोलीत जातो. दार बंद होतं.)

मावशी : पाणी घे थोडं.

आरेखिका : नको. सहीला किती वेळ लागतो?

मावशी : सहीला दोन सेकंद. ओरडायला अर्धा तास. ऐक, सुरुवात झालीच.

आरेखिका : तुम्हाला हे सगळं माहीत होतं?

मावशी : तो तुझ्यासाठी झुरतोय हे भिंतींनाही माहीत होतं. फाइल मात्र आज सापडली. मनात म्हटलं, तीनपर्यंत बघू, नाहीतर मीच उचलून नेईन. त्याला एक संधी द्यावीशी वाटली. लोभ आहे ना त्याच्यावर. पण वाट बघायची ती तुझ्या जिवावर बघितली मी, ते काही बरोबर नाही झालं.

आरेखिका : माणूस कसा आहे?

मावशी : खरं सांगू? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सहा आठवडे माझं काम करून मग स्वतःचं करायचा. एकदाही बोलून दाखवलं नाही. एरवी अखंड बोलतो, ते ऐकतेसच तू. वाईट नाही गं.

आरेखिका : वाईट असता तर सोपं झालं असतं.

मावशी : ते मात्र खरं.

आरेखिका : आवाज थांबला.

मावशी : म्हणजे सही चाललीय. केस नीट कर. दोन पेन्सिली आहेत.

आरेखिका : अय्या. तरीच सकाळपासून शोधतेय.

कारकून : घ्या. सही, शिक्का, आजची तारीख. आतूनच मेल केला आणि तिकडे फोनही केला. मिळाला म्हणाले. त्या पोराला पुढची रांग दाखवा म्हटलं. मूळ प्रत उद्या सकाळी निघेल, परवा तिथे पोचेल. जागा तुमची.

आरेखिका : नक्की?

कारकून : फोनवर त्या माणसाचं नाव आणि हुद्दा लिहून घेतलाय. नक्की.

मावशी : आणि तुझं काय झालं?

कारकून : माझं काय व्हायचंय? कारणे दाखवा नोटीस. तीन दिवसांत लेखी उत्तर. यादीतून नाव यंदापुरतं गेलं. साहेब थोडं मोठ्याने बोलले.

मावशी : थोडं? तिसऱ्या मजल्यावरून विचारायला माणूस येऊन गेला.

आरेखिका : वाईट वाटलं?

कारकून : वाटलं. पण त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, त्यामुळे भांडता आलं नाही. मला तुम्हाला एक विचारायचं होतं.

आरेखिका : आज विचारू नका.

कारकून : अजून विचारलंच नाही मी.

आरेखिका : काय विचारणार ते कळलंय मला. आज विचारलंत तर सहीचा मोबदला मागितल्यासारखं होईल. आणि मी हो म्हटलं तर तो चुकता केल्यासारखं. मला दोन्ही नकोय.

कारकून : बरोबर आहे तुमचं.

आरेखिका : आधी बाबांची घडी नीट बसू दे. मग तुम्हाला पत्र लिहायचं की नाही ते ठरवीन. राग गेलेला नाही माझा. पण तो रकाना तुम्ही भरलात ते मी बघितलंय. दोन्ही लक्षात राहील.

कारकून : मी वाट बघेन.

आरेखिका : बघा. पण खिडकीत उभं राहून नका बघू. वरून अकराजणांना दिसतं.

मावशी : ऐकलंस?

आरेखिका : येते मी, मावशी. वर सामान आवरायचंय.

मावशी : ये, बाळ. सावकाश चढ. बाबांना सांग, एका म्हातारीने विचारलंय म्हणून.

कारकून : नमस्कार सांगा माझाही. म्हणजे, कोणाचा ते सांगू नका.

मावशी : गेली.

कारकून : हो.

मावशी : रडणार असशील तर मी पाठ फिरवते.

कारकून : रडत नाहीये. बरं वाटतंय, मावशी. सात महिन्यांत तिच्याशी आज पहिल्यांदा बोललो मी.

मावशी : मग आता पुढचं काम. तिला इथून कार्यमुक्त करायचा आदेश राहिलाय. तो काय, तुझ्या सहीनेच निघतो. तारीख कुठली टाकू? हातातलं काम दुसऱ्याला सोपवायला सात दिवस ठेवून घेता येतं. पुढचा बुधवार टाकते.

कारकून : उद्याची टाका.

मावशी : अरे, सात दिवस नियमात बसतात. या वेळी कुणीही बोट ठेवणार नाही तुझ्यावर.

कारकून : माहीत आहे. उद्याची टाका.